पडद्याआडून : ‘आमची काही हरकत नाही’

गेल्या अंकात नाटकातल्या नकाराविषयी दोन परिच्छेद लिहिले होते आणि टपालात त्यावरच ढीगभर पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नावर आहे : ‘नाही, नाही’ म्हणणारं पात्र पैसे पुढे आले की ‘हो’ कसं म्हणतं, आणि ते लिहायचं, करायचं किंवा वाचायचं कसं. या वेळी त्यातली पाच पत्रं घेते.

मी महाविद्यालयासाठी एकांकिका लिहिली. रस्त्यासाठी शेत जाणार म्हणून आजोबा कडाडून विरोध करतात. शेवटच्या प्रवेशात मोबदल्याचा आकडा ऐकतात आणि सही करतात. परीक्षक म्हणाले, ‘पात्र एका मिनिटात बदललं, पटत नाही.’ पण आमच्या गावात मी हेच डोळ्यांनी पाहिलंय. जे खरं घडतं ते रंगमंचावर खोटं का वाटतं?
— एक विद्यार्थी, तासगाव

परीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्ही पाहिलेलंही खरं आहे. तुम्ही पाहिलं ते शेवटचं मिनिट. त्याच्या आधीचे महिने तुमच्या एकांकिकेत आलेले नाहीत.

माझीच गोष्ट सांगते. १९७६ साल. मी एकोणीस वर्षांची. वडील वारल्यावर आई आणि मी मिरजेत मामाकडे राहायला आलो होतो. बँकेतल्या काही मंडळींचा हौशी संघ होता, त्यांना नाटकासाठी मुलगी हवी होती. मामानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “आपल्या घरातल्या बायका दारातनं परक्याशी बोलत नाहीत, आणि ही तोंडाला रंग लावून हजार माणसांपुढं उभी राहणार? जमायचं नाही.” तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चौथ्या दिवशी संघाचे सेक्रेटरी आले, झोपाळ्यावर बसले, चहा घेतला आणि जाता जाता हळूच म्हणाले, “प्रयोगाला साठ रुपये नाइट देतो आम्ही. पहिल्या दोन प्रयोगांचे आधीच आणलेत.” पाकीट त्यांनी पानाच्या डब्याखाली सरकवलं.

मामानं पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं एवढंच, “तालीम किती वाजता सुटते?” सेक्रेटरी म्हणाले, साडेनऊ. मामा म्हणाला, “एकटी यायची नाही. कुणीतरी घरापर्यंत सोडायला पाहिजे.” झालं. ‘हो’ हा शब्द त्यानं उच्चारलाच नाही. घराण्याची अब्रू हा विषय त्या दोन वाक्यांत संपला आणि रात्री सोडायला कोण येणार हा विषय सुरू झाला.

एका मिनिटात बदललं ना सगळं? पण मला कोपऱ्यातल्या फळीवरची वाण्याची वही माहीत होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात चार महिन्यांची उधारी होती आणि आई दर आठवड्याला ती वही घेऊन मलाच दुकानात पाठवायची, कारण पोरीला वाणी जास्त बोलायचा नाही. मामाचा नकार मनापासूनचा होता, यात मला शंका नाही. तो त्या वहीवर उभा होता आणि वही महिनाभरापासून सरकत होती. मामा शेवटपर्यंत म्हणायचा, “मंडळी चांगली होती म्हणून पाठवलं.” त्याचा त्यावर विश्वास होता. पुढची पाच वर्षं बॅटरी घेऊन मला न्यायला तोच यायचा. त्याच्यावर माझा कधी राग नव्हता, आजही नाही.

तुमच्या एकांकिकेत ती वही कुठे आहे?

या विषयावरचं माझ्या माहितीतलं सगळ्यात जबरदस्त नाटक एका स्विस लेखकाचं आहे, फ्रीड्रिश ड्युरेनमाटचं ‘द व्हिजिट’. १९५६ साली झुरिचमध्ये पहिला प्रयोग झाला. ग्युलेन नावाचं कंगाल गाव. तिथून तरुणपणी बदनाम होऊन हाकलली गेलेली बाई, क्लेअर, अफाट श्रीमंत होऊन परत येते. गावाला एक अब्ज देऊ करते, निम्मे गावाला आणि निम्मे घराघरांत वाटून. अट एकच : ज्यानं तिला फसवून, लाच देऊन खोटे साक्षीदार उभे केले, त्या इल नावाच्या दुकानदाराला कुणीतरी ठार मारायचं. महापौर ताठ उभा राहून माणुसकीच्या नावानं नकार देतो, हात रक्तानं माखण्यापेक्षा गरीब राहू म्हणतो. गाव टाळ्या वाजवतं. बाई म्हणते, मी थांबते.

आता पुढचा अंक कसा लिहिलाय बघा. इलच्याच दुकानात गिऱ्हाईकं येतात. नेहमीचं दूध घेणारा आज साईचं दूध मागतो, साधी तंबाखू ओढणारा भारीतली मागतो, बायका चॉकलेट घेतात. सगळं उधार, ‘लिहून ठेव’. सगळे इलशी गोड बोलतात, ‘आम्ही तुझ्या बाजूचे’ म्हणून पाठ थोपटतात. आणि मग इलचं लक्ष त्यांच्या पायांकडे जातं. एकाच्या पायात नवेकोरे पिवळे बूट. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही. तो विचारतो, हे सगळं तुम्ही फेडणार कशानं? कुणाकडे उत्तर नसतं. तक्रार घेऊन पोलिसाकडे जातो तर त्याच्या तोंडात नवा सोन्याचा दात. पाद्र्याकडे जातो तर चर्चला नवी घंटा आलेली. नकार कुणीही मागे घेतलेला नाही. शेवटी गावसभेत हात वर होतात तेव्हासुद्धा, हे पैशासाठी नाही, न्यायासाठी आहे, असंच सगळे एकसुरात म्हणतात. इल मरतो आणि जाहीर होतं की आनंदानं त्याचं हृदय थांबलं.

लेखकानं हृदयपरिवर्तनाचा प्रसंग लिहिलाच नाही. त्यानं उधारी लिहिली.

तेव्हा तुम्ही आकड्याचा प्रवेश पहिल्याऐवजी शेवटी ठेवलाय तो तसाच ठेवा, पण आधीच्या तीन प्रवेशांत आजोबांच्या घरात काय काय येतं ते दाखवा. नातवाला मोबाइल येतो का? दारात मोटरसायकलचा एजंट येऊन बसतो का? सून माहेरी फोनवर काय सांगते? आणि सही करताना आजोबा काय म्हणतात हे पुन्हा ऐका. ‘पैसे मिळतात म्हणून देतो’ असं ते जन्मात म्हणणार नाहीत. ‘नातीचं शिक्षण आहे’ म्हणतील. ‘सगळ्या भावकीनं दिली, मी एकट्यानं गाव अडवून धरू का?’ म्हणतील. ही वाक्यं खोटी नसतात, म्हणून ती लिहायला अवघड.

एक व्यवहाराची गोष्टही तपासा. सरकारी भूसंपादनात मालकानं मोबदला नाकारला म्हणून जमीन राहते असं नाही, रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि ताबा जाऊ शकतो. तुमच्या आजोबांना हे ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर त्यांची ‘नाही’ फक्त स्वतःपुरती उरते, आणि तेवढ्यासाठीही ते इतके दिवस लढले, ही फार मोठी गोष्ट आहे. ती मला तुमच्या संहितेत कुठे दिसली नाही.

आमच्या मंडळाच्या ‘संगीत शारदा’त मी कांचनभट करतोय. दिग्दर्शक म्हणतात, बोटाला थुंकी लावून नोटा मोज, हशा येतो. येतोही. पण मला ते खटकतं. आणि शारदा कायदा या नाटकामुळेच झाला असं प्रास्ताविकात सांगायचं ठरलंय, ते बरोबर आहे का?
— निवृत्त कर्मचारी, चिपळूण

आधी दुसऱ्याचं उत्तर. प्रास्ताविकातून ते वाक्य काढा. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यामुळे, विधेयक त्यांनी मांडलं होतं. मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८, अंमल १ एप्रिल १९३० पासून. नाटक १८९९ चं, किर्लोस्कर मंडळीनं केलेलं. नाटककार गो. ब. देवल १९१६ मध्ये गेले, त्यांनी हा कायदा पाहिलाही नाही. नावं जुळली आणि आपण मराठी माणसांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून टाकल्या. नाटकानं महाराष्ट्रात लोकांची मनं हलवली, हे मोठेपण त्याला पुरेसं आहे.

आता थुंकी. मनापासून सांगते, तुमचं खटकणं बरोबर आहे. पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाला पोटची पोर द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा कांचनभट. तो नोटा मोजतोय हे पाहून प्रेक्षक हसले की ते सुटतात. ‘असली माणसं वेगळी, आपण वेगळे’ एवढं वाटून घरी जातात. आणि काळाचंही बघा. १८९९ सालचा अशा व्यवहारातला पैसा म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येतो तो चांदीचा रुपया, राणीच्या छापाचा. एक रुपया म्हणजे एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणजे हजार रुपयांची थैली साडेबारा शेर भरते, आजच्या हिशेबानं साडेअकरा किलोच्या वर. आमच्याकडे थैलीत वर्तमानपत्राचे बोळे आणि वर चार नाणी घालायचे आणि नट ती दोन बोटांत उचलायचा. एकदा मी हट्टानं थैलीत अकरा किलो वाळू भरली. तेव्हा कांचनभट करणारे गृहस्थ साठीचे होते. थैली घ्यायला ते वाकले, एका हातानं उचलेना, दुसरा हात लावला, पोटाशी धरली. लहान मूल कडेवर घेतल्यासारखी. तालमीत कुणी हसलं नाही. शारदा करणारी मुलगी विंगेत उभी होती, तिनं नंतर मला सांगितलं की तिला त्या दिवशी पहिल्यांदा आपली किंमत कळली.

तुमच्या प्रयोगात थैलीचा प्रसंग ठेवला असेल तर वाळू भरून बघा.

या नाटकाबद्दल आणखी एक सांगायचं राहवत नाही. कन्येच्या बापानं थोडंसुद्धा शुल्क घेऊ नये, लोभानं घेतलं तर तो अपत्य विकणारा ठरतो, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय. कांचनभट भटजी आहे, शास्त्र त्याच्या घरातलं. मग लग्न मोडतं कशावर? वर म्हातारा आहे यावर नाही, पैसे घेतलेत यावर नाही. वधू-वर एकाच गोत्राचे निघतात, यावर. मांडवात जमलेल्यांना वयाची हरकत गिळता आली, पैशाची गिळता आली, गोत्राची गिळता आली नाही. कोणती हरकत विकत घेता येते आणि कोणती येत नाही, याचा एवढा नेमका हिशेब देवलांनी मांडला. हरिपूर त्यांचं जन्मगाव, माझ्या घरापासून चालत जाण्याएवढं. कृष्णा-वारणेच्या संगमावर संध्याकाळी बसले की मला दर वेळी तो मांडव आठवतो.

अकरावीला हिंदी शिकवते. प्रेमचंदांची ‘नमक का दारोगा’ शिकवून झाली आणि एका मुलानं विचारलं, “मॅडम, म्हणजे शेवटी विकला गेलाच ना तो?” मी गडबडले. काय सांगू?
— शिक्षिका, नागपूर

वाचकांसाठी थोडक्यात. वंशीधर मिठाच्या खात्यात दरोगा, म्हणजे अधिकारी, होतो. बाप निघताना शिकवण देतो : हुद्द्याकडे बघू नकोस, तो म्हणजे पिराची कबर, नजर तिथं लोक वाहतात त्यावर ठेव. पगार पौर्णिमेचा चंद्र, एक दिवस दिसतो आणि मग घटत जातो. वरकमाई वाहता झरा. थंडीच्या रात्री यमुनेच्या पुलावर वंशीधर चोरट्या मिठाच्या गाड्या अडवतो. गाड्या पंडित अलोपीदीनच्या, त्या भागातल्या सगळ्यात बड्या जमीनदाराच्या. तो हजारापासून सुरू करतो, पाच, दहा, पंधरा, वीस, असं करत चाळीस हजारांपर्यंत येतो. वंशीधर म्हणतो, चाळीस लाखांनीही होणार नाही, आणि त्याला हातकड्या घालतो. कोर्टात अलोपीदीन सुटतो. आठवड्याच्या आत वंशीधर निलंबित. बाप कपाळ बडवून घेतो, आईची जगन्नाथ-रामेश्वराची यात्रा बुडते, बायको धड बोलत नाही. मग एक दिवस अलोपीदीन स्वतः रथातून दारात येतो आणि स्टॅम्पाचा कागद पुढे करतो. आपल्या सगळ्या मालमत्तेचा कायमचा व्यवस्थापक. वर्षाला सहा हजार, रोजचा खर्च वेगळा, बसायला घोडा, राहायला बंगला, नोकरचाकर. वंशीधरच्या डोळ्यांत पाणी येतं. तो सही करतो.

पंचविसाव्या वर्षी मला हा शेवट गोड वाटायचा. प्रामाणिकपणाची कदर झाली. चाळिशीत राग यायला लागला, तुमच्या त्या मुलासारखा. आता अडुसष्टाव्या वर्षी मी त्या दोन ठिकाणच्या मालाकडे बघते. पुलावर विकत काय घेतलं जातंय ते दोघांनाही दिसत होतं, गाड्या समोर उभ्या होत्या. नकार देणं कठीण असलं तरी कशाला द्यायचा हे स्पष्ट होतं. घरी आलेला अलोपीदीन गाड्यांचं नावच काढत नाही. तो म्हणतो, मला तुझा प्रामाणिकपणाच हवाय. ज्या गुणापायी नोकरी गेली, बाप रडला, बायको रुसली, त्या गुणाला नमस्कार करणारा जगात हा एकच माणूस निघाला, आणि तो तोच आहे ज्याला आपण बेड्या घातल्या. अशा वेळी माणूस ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणणार? त्याच्या डोळ्यांतलं पाणी मला खरं वाटतं. म्हणूनच भीतीही वाटते.

मराठीत ‘मिंधा’ म्हणून शब्द आहे. विकला गेलेला माणूस वेगळा, मिंधा झालेला वेगळा. विकणारा पैसे घेतो आणि बाजू बदलतो. मिंध्याच्या मनात कृतज्ञता असते, तीच त्याचं तोंड बांधते. त्या मुलाला हा शब्द द्या, हिंदीच्या तासाला मराठी शब्द दिला म्हणून काही बिघडत नाही. आणि वर्गाला एक काम सांगा : वंशीधर बंगल्यात राहायला गेल्यानंतरची पहिली रात्र लिहा. यमुनेच्या पुलाकडे पुन्हा मिठाच्या गाड्या निघाल्यात. या वेळी त्या गाड्यांचा हिशेब त्याच्याच वहीत आहे. मी माझ्या वर्गात हे दोनदा केलंय. एका मुलीनं लिहिलं होतं की तो रात्रभर जागा राहतो आणि गाड्यांचा आवाज आला की खिडकी लावून घेतो. दुसऱ्या एकानं लिहिलं, तो घोड्यावर बसून पुलावर जातो आणि आपल्याच मालकाच्या गाड्या परत फिरवतो. दोन्ही वह्या मी जपून ठेवल्यात.

मी औषधाच्या दुकानात कामाला आहे. चिठ्ठीशिवाय औषध मागणारे वर पैसे देऊ करतात, मी देत नाही. आमच्या नाट्यवाचनाच्या गटात ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ वाचलं. त्यातला विष विकणारा औषधवाला मला फार लागला. त्याला दोषी धरायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही देत नाही, हे वाचून बरं वाटलं. तसंच चालू ठेवा.

तो औषधवाला पाचव्या अंकात एका प्रवेशापुरता येतो. मांटुआ गावात, सणाचा दिवस, दुकान बंद. हाडांचा सापळा झालेला माणूस. फळ्यांवर रिकामी खोकी, टांगलेलं कासव, पेंढा भरलेली मगर, दुकान भरलेलं दिसावं म्हणून मांडलेल्या वस्तू. रोमिओ चाळीस ड्युकाट नाणी पुढे करतो. औषधवाला म्हणतो, विष आहे, पण विकणाऱ्याला इथे मृत्युदंड आहे. रोमिओ त्याच्या गालांकडे बोट दाखवतो : तू उपाशी आहेस, कायदा तुझा मित्र नाही. तेव्हा तो म्हणतो, माझं दारिद्र्य तयार होतंय, माझी इच्छा नाही. रोमिओ म्हणतो, मीही तुझ्या दारिद्र्यालाच पैसे देतोय.

या सगळ्या मंडळींत हरकत कुठे गेली हे प्रामाणिकपणे सांगणारा हा एकटा. ग्युलेनवाले न्यायाचं नाव घेतात, माझा मामा चांगल्या मंडळींचं. हा कशाचंही नाव घेत नाही. पैसे घेताना स्वतःची ‘नाही’ तो शाबूत ठेवतो, नुसतं सांगतो की ती चालवायला अंगात बळ उरलेलं नाही. मी त्याला दोषी धरते, कारण विष त्यानं दिलं. पण कुणी ही भूमिका करताना त्याला लोभी दाखवलं तर मी नाट्यगृहातून उठून जाईन. चाळीस ड्युकाट हातात आल्यावर त्यानं नाण्यांकडे बघू नये, कासवाकडे बघावं.

तुमचा विषय वाचून मन खट्टू झालं. पैसे पुढे करूनही ज्याची हरकत गेली नाही असा कुणीच नाही का? नातवाला गोष्ट सांगायचीय, तो नऊ वर्षांचा आहे.
— एक आजी, पुणे

आजी, आहे. आणि तो गुलाम आहे.

शूद्रकाचं संस्कृत नाटक ‘मृच्छकटिक’. देवलांनीच ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. राजाचा मेहुणा शकार, सोन्यानं मढलेला, मूर्ख आणि क्रूर. आठव्या अंकात निर्जन बागेत नाटकाची नायिका वसंतसेना त्याच्या तावडीत सापडते. ती त्याला झिडकारते तेव्हा तो तिला मारायचं ठरवतो, पण स्वतः न मारता. आधी आपल्या सोबत्याला, विटाला सांगतो. विट कानांवर हात ठेवतो. मग शकार आपल्या गाडीवानाकडे वळतो. त्याचं नाव स्थावरक. जन्मापासूनचा दास. पुढचा संवाद नातवासमोर तुम्ही दोघांचे आवाज काढून म्हणा, त्याला फार आवडेल. मी मूळचा भाव आपल्या बोलण्यात देते.

“पोरा स्थावरका, तुला सोन्याची कडी देईन.” “मी घालीन.”
“तुला सोन्याचं आसन करून देईन.” “मी बसेन.”
“माझ्या ताटातलं उरलेलं सगळं तुला देईन.” “मी खाईन.”
“सगळ्या नोकरांचा मुख्य करीन.” “मालक, मी होईन.”
“मग माझं ऐक.” “सगळं ऐकेन मालक, फक्त नको ते काम सोडून.”

घालीन, बसेन, खाईन, होईन. इथपर्यंत प्रेक्षक हसत असतात. मी सांगलीत मुलांकडून हा प्रवेश बसवला तेव्हा स्थावरक करणारा सातवीतला मुलगा प्रत्येक ‘ईन’ला एक पाऊल पुढे यायचा, डोळे लकाकायचे. त्याला कडी हवी आहेत, आजी. नातवाला हे नक्की सांगा. गरिबाला सोनं आवडत नाही असं नाटककारानं लिहिलं नाही. शकार म्हणतो, वसंतसेनेला मार. आणि तो मुलगा चार पावलं मागे जायचा.

शकार विचारतो, तू माझा दास ना, मग माझा हुकूम चालत नाही? स्थावरक म्हणतो, मालकांचा हुकूम माझ्या शरीरावर चालतो, शीलावर नाही. कुणाला भितोस? परलोकाला. तो काय असतो? बऱ्यावाईट कर्माचं फळ. बऱ्याचं फळ कसं दिसतं? तुमच्यासारखं, सोन्यानं मढलेलं. आणि वाइटाचं? माझ्यासारखं, दुसऱ्याच्या तुकड्यावर जगणारं. मग मार बसतो. मार खाता खाता तो म्हणतो, दैवानं मला जन्माचा दास केलं, आता आणखी दुर्दैव विकत घेणार नाही. ‘विकत’ हा शब्द मूळातलाच आहे, मी घातलेला नाही. समोर सोनं धरलेलं असताना खरेदी-विक्रीचा हिशेब बरोबर मांडणारा त्या बागेत हा एकटा दास.

वसंतसेनेचा गळा शेवटी शकारच आवळतो, ती मेली असं समजतो आणि आळ तिचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या निरपराध चारुदत्तावर घालतो. स्थावरकाला बेड्या घालून वाड्याच्या माडीवर कोंडतात. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेत असतात, दवंडी ऐकून स्थावरक माडीवरून खाली उडी टाकतो. आपण मेलो तरी चालेल पण हा सज्जन वाचला पाहिजे, एवढाच विचार. गर्दीत शिरून ओरडून सांगतो, खून माझ्या मालकानं केला. शकार जवळ येतो आणि हळूच त्याच्या हातात सोन्याचं कडं सरकवतो : हे घे आणि उलटं बोल. स्थावरक ते कडं उंच धरतो. बघा लोकहो, मला गप्प करायला हा सोनं देतोय.

नातवाला इथे थोडं थांबवा, कारण पुढचं त्याला आवडणार नाही. शकार ते कडं हिसकावून घेतो आणि म्हणतो, हेच ते, यानंच चोरलं होतं, म्हणून मी याला बांधून मारलं, पाठीवरचे वळ बघा. आणि वळ खरेच असतात. लोक कड्याकडे बघतात, वळांकडे बघतात आणि दासावर विश्वास ठेवत नाहीत. तो चारुदत्ताच्या पायांवर पडून म्हणतो, माझ्यानं एवढंच झालं.

तेवढ्यात वसंतसेना येते. ती मेलेली नसते, एका भिक्षूनं तिला वाचवलेलं असतं. सगळं उलगडतं. शेवटी बक्षिसं वाटली जातात तेव्हा चारुदत्ताला विचारतात, या स्थावरकाला काय द्यायचं? तो म्हणतो, हा सद्वर्तनी आहे, हा आता दास नको.